चाकांवरचं घर, हिवाळा आणि शून्याची वर्षं

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



अमेरिकेत मी मोटरहोममध्ये राहत होते, असं म्हटलं की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र येतं. मोकळा रस्ता, लांबवर डोंगर, आणि गाडीच्या दारात खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेलं एक हसरं जोडपं. जाहिरातीतलं हे चित्र अगदीच खोटं नाही, तसे राहणारे लोक मी पाहिलेत. ते चित्र उन्हाळ्यातलं आहे, एवढंच. संयोजकांनी मला जेव्हा विचारलं की तुम्ही काय बोलाल, तेव्हा मी म्हटलं, मी हिवाळ्याबद्दल बोलेन. घर कशाकशाचं बनलेलं असतं ते थंडीत कळतं. आणि बाईच्या म्हातारपणी ते घर कशाच्या आधारावर उभं राहतं, तेही थंडीतच कळतं.

आधी मोटरहोम म्हणजे काय ते सांगते. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. माझं होतं ते चोवीस फूट लांब आणि आठ फूट रुंद, जुनं, पंधरा वर्षं वापरलेलं. ड्रायव्हरची जागा सोडली तर आपल्या चाळीतल्या एका खोलीएवढी जागा. त्यात दोन शेगड्या, छोटा फ्रीज, मोरीएवढं न्हाणीघर-संडास, झोपायची फळी आणि एक टेबल. पोटाखाली तीन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची, एक मैल्याची. गॅसची एक टाकी आणि विजेसाठी बॅटऱ्या. जी कामं एरवी नगरपालिका करते, ती सगळी इथं घरातल्या बाईने करायची. पाणी भरायचं, मैला उपसायचा, वीज मोजून वापरायची. बाईला यातलं नवीन काय, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे!

मी असे दोन हिवाळे काढले. पहिला २०२१-२२ चा, उत्तर ओहायोत, मुलाच्या गावापासून अर्ध्या तासावरच्या एका तळावर. बारा महिने उघडं असलेलं ते मैदान, तिथं विजेची जोडणी मिळायची. महिन्याचं भाडं साडेचारशे डॉलर, वीज वेगळी. दुसरा हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात. दोन्हींत फार फरक आहे, तो सांगते.

ओहायोत जानेवारीत रात्री पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश जातो. घराच्या भिंती दोन इंचांच्या. गाडीतला हीटर गॅसवर चालतो, पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो. म्हणजे गॅस भरलेला असला आणि बॅटरी उतरली, तर हीटर बंद. आणि थंडीत बॅटरीची ताकदच कमी होते. नेमकी जेव्हा गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ती दगा देते. नऊ किलो गॅस कडाक्याच्या दोन-तीन रात्रींत संपतो. विजेची जोडणी असली तर छोटा विजेचा हीटर लावून गॅस वाचवता येतो, मग महिनाअखेर विजेचं बिल येतं.

पाण्याचं आणखी वेगळं. नळाला रबरी पाइप जोडून ठेवला तर रात्रीत आत बर्फाची कांडी तयार. म्हणून संध्याकाळी टाकी भरून घ्यायची, पाइप काढून, निथळून आत आणायचा. सिंकखालच्या कपाटांची दारं रात्रभर उघडी ठेवायची, म्हणजे खोलीतली ऊब नळ्यांपर्यंत पोचते. मैल्याच्या टाकीची झडप गोठली तर तिला ऊन पडेपर्यंत हात लावायचा नाही, ओढली तर तुटते. गाडीच्या पोटाखालून वारा घुसतो, त्यासाठी चहूबाजूंनी फोमच्या पाट्या आणि गवताच्या पेंढ्या लावायच्या. खिडक्यांना चंदेरी कागद. त्या कागदाने थंडी अडते आणि उजेडही अडतो. जानेवारी-फेब्रुवारीत मी दिवसाही दिवा लावून बसायची.

तिसरी गोष्ट ओल. माणसाच्या श्वासाची वाफ, स्वयंपाकाची वाफ, सगळी थंड काचेवर जाऊन बसते आणि पाणी होऊन गादीखाली उतरते. आठवडाभरात बुरशी. उपाय ऐकून हसू येईल: एवढ्या थंडीत छताची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. पैसे घालून तापवलेली हवा थोडी थोडी बाहेर सोडायची. तसं नाही केलं तर छातीचा विकार ठरलेला.

आता तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या मनात एक प्रश्न आला असेल. मुलगा अर्ध्या तासावर होता ना? मग त्याच्या घरी राहायला काय झालं? तिथल्या मराठी मंडळातही मला सगळ्यांनी हेच विचारलं. मुलगा आणि सून दोघं चांगली आहेत. त्यांनी खोली रिकामी करून दिली होती, आणि मी तीन महिने राहिलेही. पण बाई कुणाच्या ना कुणाच्या घरात राहते, हे मी जन्मभर केलं. वडिलांच्या, मग नवऱ्याच्या, आणि आता मुलाच्या. त्या जुन्या गाडीच्या कागदावर मालक म्हणून माझं एकटीचं नाव होतं. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या नावावर घर झालं, आणि त्याला चाकं होती. त्याची किल्ली मी कुणाला द्यायला तयार नव्हते. थंडी सोसायची, पण ही किल्ली आपल्याकडे ठेवायची, असं मी ठरवलं.

हे सांगितलं की लोक म्हणतात, वा, केवढी स्वतंत्र बाई! इथं थांबलं तर गोष्ट सोपी होते. म्हणून पुढचं सांगते.

नवऱ्यापासून मी २०१९ साली वेगळी झाले. घर विकलं, कर्ज फिटलं, वकील फिटले, उरलं ते वाटलं गेलं. माझ्या वाट्याच्या पैशात त्या गावात एक खोलीचं घरसुद्धा येत नव्हतं. भाड्याने घ्यावं तर महिन्याला जी रक्कम मला मिळणार होती ती भाड्यातच जात होती. ती रक्कम एवढी कमी का, हा आजचा खरा विषय.

अमेरिकेत म्हातारपणी सोशल सिक्युरिटीची पेन्शन मिळते. मिळण्यासाठी साधारण दहा वर्षांची कमाईची नोंद लागते. रक्कम ठरवताना तुमच्या आयुष्यातली सर्वांत जास्त कमाईची ३५ वर्षं धरतात. ३५ वर्षं भरली नाहीत, तर उरलेल्या प्रत्येक वर्षाच्या जागी शून्य घालतात आणि त्या शून्यांसकट सरासरी काढतात. मी १९८६ साली लग्न होऊन तिकडे गेले, नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर. त्या व्हिसावर बायकोला नोकरी करायला बंदी होती. पुढे ग्रीन कार्ड झालं तेव्हा मुलं लहान होती. पहिली नोकरी १९९७ साली, शाळेच्या स्वयंपाकघरात, तीही अर्धवेळ. नंतर ग्रंथालयात. एकूण चोवीस वर्षं भरली. पस्तिसातून चोवीस गेली, अकरा राहिली. अकरा शून्यं.

त्या अकरा वर्षांत मी काय केलं? दोन बाळंतपणं काढली, दोन मुलं वाढवली, तीन वेळा घर हलवलं, सासू-सासरे येऊन सहा-सहा महिने राहिले त्यांचं केलं, नवऱ्याचा डबा एक दिवस चुकवला नाही. सरकारच्या वहीत त्या सगळ्याची किंमत अकरा शून्यं. बायकांच्या घरकामाला मोल नाही, हे वाक्य आपण शिबिरात पंचवीस वेळा बोलतो. मला ते एका छापील तक्त्यावर, वर्षावार, एकाखाली एक दिसलं.

पेन्शन बासष्टाव्या वर्षापासून घेता येते. पण १९६० साली किंवा नंतर जन्मलेल्यांचं पूर्ण वय ६७ धरतात, आणि पाच वर्षं आधी घेतली तर रक्कम तीस टक्क्यांनी घटते, ती कायमची. ज्याच्याकडे शिल्लक आहे तो थांबू शकतो. ज्या बाईला हिवाळ्याचा गॅस भरायचाय, ती थांबू शकत नाही. घटस्फोटित बाईला नवऱ्याच्या नोंदीवरही हक्क मिळतो, पूर्ण वयाला त्याच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत, आणि त्याने नवऱ्याचं काही कमी होत नाही. चांगली तरतूद आहे. मुख्य अट अशी, लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं असावं. वाळवंटात माझ्या शेजारच्या गाडीतल्या बाईचं लग्न साडेनऊ वर्षांनी मोडलं होतं. नवरा मारायचा म्हणून ती निघाली. आणखी सहा महिने मार खाल्ला असता तर म्हातारपणी हक्क मिळाला असता. असे नियम कुणी मुद्दाम बायकांच्या विरोधात लिहीत नाही. लिहिताना बाई डोळ्यांपुढे नसते, एवढंच पुरतं.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मी नॉर्थ डाकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर, रेड नदीच्या खोऱ्यात साखरबीटाच्या हंगामाला गेले. तिथं बीटापासून साखर होते. पीक काढायचा काळ थोडक्या आठवड्यांचा, जमीन गोठायच्या आत सगळं उचलायचं असतं, म्हणून गाडीत राहणारी माणसं कामाला बोलावतात. पाळी बारा तासांची, दिवसाची किंवा रात्रीची. शेतातून ट्रक येतात, बीटाचे डोंगर रचणारी यंत्रं असतात, त्यांच्यापाशी उभं राहून ट्रक लावून घ्यायचे, नमुने काढायचे, फावड्याने चिखल ओढायचा. माझ्या पाळीतल्या निम्म्या बाया साठीच्या पुढच्या होत्या. पगार वेळेवर मिळाला, तक्रार नाही. पण रात्री दोन वाजता, बोटं बधिर झालेली, मला आपल्याकडच्या ऊसतोडणीच्या बाया आठवल्या. साखर तीच, हंगामही तोच, थंडीचा. मी मात्र गाडीत परत जाऊन गरम पाण्याने पाय शेकू शकत होते, आणि मला मुकादमाची उचल फेडायची नव्हती. बीडची बाई कोपीत राहते, पहाटे अंधारात पाणी भरते, आणि कोयत्यामागे नाव लागतं ते जोडप्याचं, पैसे जातात नवऱ्याच्या हातात. त्यामुळे आपण दोघी सारख्याच, असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की हंगामाचं काम आणि फिरतं घर जिथं जिथं आहे, तिथं बाईला एकच गोष्ट विचारायला हवी: नोंद कुणाच्या नावाने झाली?

नोव्हेंबरात दक्षिणेला उतरले. ॲरिझोनात क्वार्टझ्साइट नावाचं गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत. हिवाळ्यात भोवतालच्या वाळवंटात चाकांवरच्या घरांचं दुसरं गाव वसतं आणि माणसं लाखांच्या घरात जातात. दिवसा वीस अंशांच्या आसपास ऊन, रात्री गारठा, पण नळ गोठत नाही. भोवतालची पुष्कळ जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाची आहे. अशा सरकारी जमिनीवर सहसा चौदा दिवस फुकट राहता येतं, मग जागा बदलावी लागते. काही मैदानं मात्र हिवाळ्यासाठी राखलेली आहेत. गावाशेजारचं ला पोसा हे त्यातलं एक. तिथं १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहायचा परवाना मिळतो. कित्येक वर्षं त्याची फी १८० डॉलर होती. तेवढ्यात पाणी भरायची, मैला टाकायची सोय. सात महिन्यांचं घरभाडं १८० डॉलर! बाया तिथं का जमतात, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

तिथं दोन तऱ्हेचे लोक येतात. एक, ज्यांचं उत्तरेत घर आहे आणि जे थंडी टाळायला येतात. त्यांना तिकडे 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी म्हणतात. दुसरे, ज्यांचं हेच घर आहे. गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात, लांबून फरक कळत नाही. एप्रिल आला की कळतो. पहिला घरी जातो, दुसरा पुढचा हंगाम शोधतो.

या दुसऱ्या लोकांवर जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईने तीन वर्षं त्यांच्याबरोबर फिरून २०१७ साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. त्यावर क्लोई झाओ या दिग्दर्शिकेने २०२० साली चित्रपट केला आणि २०२१ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पुस्तकात मध्यभागी आहे लिंडा मे ही साठीतली बाई, आयुष्यभर काम केलेली, आणि म्हातारपणी गोदामात आणि तळांवर मोसमी नोकऱ्या करणारी. २००८ साली घरांच्या कर्जांचा बाजार कोसळला आणि अशा कितीतरी जणांची घरं गेली. पण बायकांच्या बाबतीत २००८ हे निमित्त झालं, असं मला वाटतं. कमी पगार, मध्येच सुटलेल्या नोकऱ्या, घटस्फोट, वैधव्य, यांनी भिंत आधीच पोखरलेली होती.

या मैदानावर आमच्या बारा-तेरा गाड्यांचा एक कोंडाळा होता, सगळ्या एकट्या बाया. वयं अठ्ठावन्न ते एक्याऐंशी. आमची एक रीत होती. सकाळी उठलं की गाडीच्या आरशाला हिरवं फडकं बांधायचं. आठ वाजेपर्यंत फडकं दिसलं नाही तर शेजारणीने दार ठोठवायचं. जानेवारीत एक दिवस दोन गाड्या पलीकडे फडकं दिसलं नाही. दार आतून बंद, हाकेला ओ नाही. आमच्यातल्या एकीकडे तिची जादा किल्ली होती, तीही रीतच होती. आत ती अर्धवट शुद्धीत, उलट्या झालेल्या. तिचा हीटर बिघडला होता, दुरुस्तीला नऊशे डॉलर सांगितले होते, म्हणून ती चार रात्री शेगडी पेटवून झोपत होती. बंद जागेत शेगडी नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. भिंतीवरची धोक्याची घंटा जुनी होऊन बंद पडलेली होती. तिला बाहेर काढलं, दवाखान्यात नेलं, ती वाचली. आम्ही वर्गणी काढून हीटर बसवला आणि प्रत्येक गाडीतली घंटा तपासली, पाच बदलाव्या लागल्या. लोक म्हणतील, अपघात होता. मला त्या अपघातामागे नऊशे डॉलर दिसतात, आणि त्यामागे तिची शून्याची वर्षं. आईच्या आजारपणात तिने नऊ वर्षं नोकरी सोडली होती.

आता पत्त्याबद्दल. घराला चाकं असली तर पत्ता कोणता? पत्त्याशिवाय गाडीचा परवाना नाही, विमा नाही, बँक नाही, मत नाही. म्हणून लोक एखाद्या राज्यात टपाल सांभाळणाऱ्या संस्थेचा पत्ता घेतात. साऊथ डाकोटा, टेक्सस आणि फ्लोरिडा ही त्यासाठीची नेहमीची राज्यं. पण २०२३ साली साऊथ डाकोटाने मतदार होण्यासाठी तीस दिवस तिथं राहिल्याची अट घातली. पेन्शनवर जगणाऱ्या, कामामागे फिरणाऱ्या बाईने मतासाठी तीस दिवस कुठून आणायचे? आपल्याकडे हंगामाला गेलेल्या बायांचं मतदान आणि रेशन असंच बुडतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पत्त्यापेक्षा अवघड आहे उभं राहायची जागा. वाळवंटात परवाना असतो. गावात, डॉक्टरकडे जायचं असेल, मुलाला भेटायचं असेल, तर रात्री गाडी कुठं लावायची? रात्री दारावर पडणारी थाप ही गाडीत राहणाऱ्यांची सर्वांत मोठी धास्ती. गोऱ्या बाईला पोलीस 'पुढे जा' म्हणतो. मला आधी कागद विचारायचा. काळ्या बायांना काय विचारतात ते त्यांच्याकडूनच ऐकावं. आमच्या मैदानावर त्या दोघीच होत्या, आणि का दोघीच, याचं उत्तर त्यातच आहे.

न्यायालयांचं मतही एक नाही. लॉस एंजलिसने गाडीत राहायला बंदी केली होती, ती तिथल्या अपील न्यायालयाने २०१४ साली रद्द केली. कायदा इतका मोघम होता की कुणालाही पकडता यावं. सिएटलमध्ये एका कामगाराचा ट्रक शहराने उचलून नेला. तो त्यातच राहत होता. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की माणूस ज्यात राहतो ते वाहन हे त्याचं घर आहे, घराला जे संरक्षण ते त्याला. मोठा निकाल होता. पण २८ जून २०२४ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की सार्वजनिक जागेवर तळ ठोकून झोपणाऱ्यांना गाव दंड करू शकतं, त्याला जायला दुसरी जागा नसली तरी. विरोधात मत देणाऱ्या तिघीही स्त्रिया होत्या. बहुमताच्या सहा जणांतही एक स्त्री होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग बायकांनी काय केलं? वाट पाहत बसल्या नाहीत. १९९१ साली 'आरव्हिंग विमेन' ही फक्त बायकांची संघटना सुरू झाली. त्याआधी १९७८ साली के पीटरसन या नर्सबाईने नवऱ्याबरोबर 'एस्केपीज' हा क्लब काढला. टपालाचा पत्ता, एकमेकांची मदत हे तर त्यांनी केलंच, पण मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं ते टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टनचं केंद्र. ज्यांना वयामुळे किंवा आजारामुळे गाडी चालवणं शक्य नाही, त्यांनी आपल्या गाडीसकट तिथं यायचं, आपल्याच घरात राहायचं. जेवण, औषधपाणी, देखरेख केंद्राने करायची. चाकं थांबली तरी घर स्वतःचं राहतं. म्हातारपणाची सोय करताना बाईची किल्ली काढून घ्यायची नाही, हे तिथं कुणाला तरी सुचलं.

तर हे स्वातंत्र्य की बेघरपण? मला हा प्रश्न नेहमी विचारतात आणि एका शब्दात उत्तर मागतात. माझ्या त्या बारा-तेरा मैत्रिणींना विचारलंत तर बहुतेकजणी म्हणतील, आम्ही सुखी आहोत. टायर बदलायला शिकलो, रात्री आकाश पाहतो, कुणाला विचारून चहा करावा लागत नाही. त्यांचं म्हणणं खरं मानायला हवं, बाईला तिचं सुख आपण समजावून सांगायचं नसतं. पण मी त्यांना दुसरा प्रश्न विचारला होता: तुझ्या भावाने, तुझ्या नवऱ्याने म्हातारपणी हेच निवडलं का? एकीचा अपवाद सोडला तर सगळ्यांचं उत्तर होतं, नाही, त्याचं घर आहे.

शेवटी आपल्या कामाबद्दल. 'घर दोघांचं' ही मागणी महाराष्ट्रात आपणच केली, घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लागलं पाहिजे म्हणून गावोगाव फिरलो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. राहण्याचा हक्क आणि मालकी यात अंतर आहे, ते आपल्या केंद्रात येणारी प्रत्येक बाई जाणते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने लग्नानंतरची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची मानली जाते. बाकी बहुतेक देशात तसा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका निकालात म्हटलं की घर सांभाळणाऱ्या बायकोच्या कष्टांमुळेच नवरा मिळवू शकतो, म्हणून त्यातून घेतलेल्या मालमत्तेत तिचा सारखा वाटा आहे. त्या निकालाच्या आधारे आपल्याला पुष्कळ काही मागता येईल.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या गटातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक बाईने आपली वर्षं कागदावर मांडावीत. कोणत्या वर्षी काय काम केलं, त्याची नोंद कुठं झाली, कुठं शून्य आहे. संजय गांधी निराधार योजनेच्या रांगेत उभं राहायची वेळ येईपर्यंत थांबू नये. दुसरी, ज्या मुली लग्न होऊन परदेशी चालल्यात त्यांच्या आयांना गाठा. व्हिसा कोणता, त्यावर काम करता येतं का, हे पत्रिकेइतकंच पाहा. २०१५ साली अमेरिकेने नियम थोडा सैल केला, ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांना परवाना मिळू लागला. पण त्या टप्प्यापर्यंतची वर्षं अजून शून्यच धरली जातात. तिसरी, कुठल्याही पेन्शन योजनेची चर्चा निघाली की मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांचं करण्यात गेलेली वर्षं त्यात धरा, ही मागणी पहिली लिहा. शेवटी लिहिलेली मागणी वाटाघाटीत पहिली जाते.

ती गाडी अजून माझ्या नावावर आहे. हीटर नवा बसवलाय. माझी अकरा शून्यं काही आता पुसली जाणार नाहीत, पण तुमच्यातल्या पुष्कळजणींची अजून लिहिली जायचीत.

एवढं बोलून मी थांबते. गॅस, बॅटरी, कायदा, पेन्शन, काहीही विचारा. मैल्याच्या टाकीबद्दलसुद्धा विचारा, तो प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि कुणी विचारत नाही!